नोंद आढळत नाही

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची रीत आहे, पण आज ती मोडते. काल मला निलंबित केलं. हो, तुझ्या ताईला! बावीस वर्षं लशींच्या थंड खोलीची किल्ली जिच्या कमरेला आहे, तिला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद पडला. सोमवारी मी कुलूप काढलं तर आत बाहेरच्यासारखीच हवा. सगळा साठा फेकून द्यावा लागला. पलीकडच्या दवाखान्यातून आया पोरं कडेवर घेऊन तशाच परत गेल्या, ते माझ्याच्याने बघवलं नाही.

भांडार अधिकाऱ्यांनी दुपारच्या आत ठपका ठेवून हात झटकले. म्हणे, यंत्र बिघडतंय हे मी कधी कळवलंच नाही. महिनाभर मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून मेकॅनिक बोलवा म्हणून सांगतेय आणि हे आपले बघू म्हणून पंख्याकडे बघतायत! तोंडी सांगितलेलं माणसं सोयीने विसरतात, म्हणून तर जानेवारीत मी मुख्य कचेरीला अर्ज केला. आपल्या नेहमीच्या रीतीने, तुझ्या पत्रातच घडी करून घातला होता. भांडारातून रीतसर पाठवला असता तर साहेबांच्या खणात महिनाभर पडून राहिला असता. तू तिथल्या आवक टेबलावर बसतोस, शिक्का मारून थेट वर ठेवतोस. इतकी वर्षं असंच चाललंय.

नोटिशीच्या उत्तरात मात्र मी अर्ज टपालाने पाठवला असं लिहिलंय. बहीण-भावाच्या पाकिटातून सरळ कागद जातात हे कळलं तर तुझ्यावरही बालंट यायचं. तू एवढंच कर, आवक नोंदवहीतला क्रमांक आणि तारीख मला कळव. तेवढ्यावर माझी नोकरी उभी आहे.

आमच्या ह्यांनी, मास्तरांनी, माझं उत्तर तपासून त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या. नोकरी गेली तर गेली, पण शुद्ध जावी असं त्यांचं म्हणणं. हसले मी, आणि मग मोरीत जाऊन रडले.

उत्तर उलट टपाली धाड. लोभ तुझा आहेच, आत्ता क्रमांक हवा.

ताई

•

१० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून डोकं सणकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! ज्याने मेकॅनिक बोलावला नाही तोच ठपका ठेवतो, आणि तू लिहिलं नाहीस पण माझी खात्री आहे, चौकशीला बसणारही तोच. हे चालत नाही, ताई. नियमात बसत नाही.

आता मी सांगतो ते नीट कर. पहिलं म्हणजे कशावरही सही करू नकोस. तुझ्याविरुद्ध जे जे कागद आहेत त्यांच्या प्रती लेखी माग. साक्षीदार कोण आहेत ते विचार. सोबत मदतनीस बसवायचा तुला हक्क आहे, तोही लेखी माग. आणि ज्या माणसाचा स्वतःचाच हात त्या प्रकरणात अडकलाय त्याला चौकशी करता येत नाही, तेव्हा अधिकारी बदलून द्या असा अर्ज थेट मुख्य कचेरीला कर. हा मात्र नोंदणीकृत टपालाने पाठव, पोचपावतीसह. माझ्या पत्रात घालू नकोस.

क्रमांकाचं बघतो. जानेवारीत आमच्याकडे टपालाचा ढीग साठला होता, वह्याही दोन चालू होत्या. वेळ लागेल. तू त्याच्यावर विसंबून राहू नकोस, बाकीची बाजू भक्कम कर.

मास्तरांना नमस्कार. त्यांनी हे पत्र तपासायला घेतलं तर माझे गुण कळव.

तुझा,
धाकटा

•

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

शंभर वर्षं आयुष्य तुला! तू नसतास तर मी गायीसारखी सही करून मोकळी झाले असते. परवा मला बोलावलं. खुर्चीत कोण, तर भांडार अधिकारीच. समोर माझा जबाब आधीच टाइप करून ठेवलेला, मी तोंड उघडायच्या आत! त्यात मी चूक कबूल केली होती म्हणे. मदतनीस मागितला तर म्हणाले, ही काय कोर्टकचेरी आहे का. कागद मागितले तर म्हणाले, कागद बघून काय करणार, झालंय ते तुम्हालाच ठाऊक. वर आवाज उतरवून सांगितलं, सही केलीत तर नुसती बदली होईल, नाहीतर घरी बसाल.

मी तू शिकवलेलं घडाघडा म्हणाले. तुझ्या सांगण्याप्रमाणे अर्ज नोंदणीकृत टपालाने धाडला होता, आणि आज मुख्य कचेरीचं उत्तर आलं. अधिकारी बदलला! दुसऱ्या कचेरीतल्या एक बाई येणार आहेत. कडक आहेत म्हणतात, पण कान उघडे ठेवतात. मास्तर चक्क चहा करून घेऊन आले.

आता सगळं त्या एका क्रमांकावर आलंय. बाई पहिलं तेच विचारतील. दोन वह्या असोत नाहीतर वीस, तुझ्या हातची नोंद तुला सापडणार नाही असं होईल का? लहानपणी माझी लपवलेली पेन्सिल तू वासावरून काढायचास.

वाट बघते.

ताई

•

२४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

अधिकारी बदलला हे फार चांगलं झालं. अर्धी लढाई जिंकलीस. बाईंना सांग की तापमानाची वही समोर ठेवा. तू रोज दोनदा आकडे लिहिले आहेस, जानेवारीपासून पारा कसा चढतोय ते त्यातच दिसेल. भांडार अधिकाऱ्याची दर आठवड्याला त्याच वहीत सही असते. त्याला माहीत नव्हतं असं तो म्हणूच शकत नाही. हा मुद्दा अर्जापेक्षाही मोठा आहे. यावरच भर दे.

क्रमांक अजून नाही.

तब्येत जप.

धाकटा

वन्सं, नमस्कार. मागच्या कोऱ्या जागेत दोन ओळी मी लिहितेय. यांचं काय बिनसलंय तुम्ही तरी विचारा. धड जेवत नाहीत, आणि तुमच्या पत्रांचा डबा कपाटातून काढून उशाशी ठेवलाय. त्याला हात लावला तर अंगावर येतात. तुमच्या काळजीने असेल म्हणून मी गप्प आहे. तुमची, भावजय.

•

५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

आज बाईंसमोर बसले होते. तापमानाची वही निघाली, तुझा मुद्दा बरोबर होता, भांडार अधिकारी घाम पुसत होते. त्यांची बाजू एकाच गोष्टीवर टेकली होती. नुसते आकडे लिहिणं म्हणजे कळवणं नव्हे, बिघाडाचा अर्ज कुठाय? बाईंनी मुख्य कचेरीला रीतसर विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं. सदर अर्जाची आवक नोंदवहीत नोंद आढळत नाही. दिनांक दोन मार्च. खाली सही.

ती सही मला वाचावी लागली नाही. पाटीवर तुझा हात धरून पहिलं अक्षर मीच गिरवून घेतलंय.

बाईंनी विचारलं, काही म्हणायचंय का. मी पाणी मागितलं. सही करणारा माझा भाऊ आहे हे मी सांगितलं नाही. आता सगळ्यांच्या लेखी मी खोटारडी आहे. अर्ज केलाच नाही आणि केल्याचा बनाव करते. पुढची तारीख चौदा, ती शेवटची.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कोणाकडे तक्रार करू? नोंद नसेल, पण अर्ज कुठे गेला ते तुला ठाऊक आहे. डब्याला हात लावू देत नाहीस म्हणे. मला दोन ओळींत खरं कळव.

ताई

•

८ मार्च

ताई,

अर्ज माझ्याकडे आहे. डब्यात आहे. तुझ्या बारा जानेवारीच्या पत्रात, तू घातलास तसाच, घडीसुद्धा न मोडलेला.

ते पत्र आलं त्या दिवशी आम्ही सगळे ते मोठ्याने वाचत बसलो होतो. मास्तरांनी नवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि दिवसभर घर धुंडाळलं, ते तू इतकं झकास लिहिलं होतंस की ही हसून हसून कोलमडली. हसता हसता मी पत्र पाकिटात घातलं आणि पाकीट डब्यात टाकलं. आत दुसरा कागद आहे हे ध्यानातच आलं नाही. इतक्या वर्षांत तुझा एक कागद मी विसरलो, आणि तो नेमका हा निघाला.

तुझं निलंबनाचं पत्र वाचलं आणि उठून डबा उघडला. म्हणजे नऊ फेब्रुवारीपासून मला माहीत आहे. त्यानंतर तुला जी जी पत्रं लिहिली, ती अर्ज समोर ठेवून लिहिली.

आमच्या वहीत उशिरा आलेल्या कागदांसाठी दर दिवशी एखादी ओळ कोरी ठेवतात. पंधरा जानेवारीची ओळ अजून कोरी आहे. तीनदा पेन टेकवलं. खोटी नोंद करायची छाती झाली नाही, आणि खरं सांगायचीही झाली नाही. बाईंची विचारणा माझ्याच टेबलावर आली. मी लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि इतकं नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही.

चौदाला मी येतोय. अर्ज, पाकीट आणि त्यावरचा टपालाचा शिक्का घेऊन. काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. हिला काल सांगितलं. तिने माझा चांगला शर्ट इस्त्रीला टाकला.

तुझ्या पाया पडायचीही लाज वाटते.

धाकटा

•

२१ मार्च

चि. धाकट्यास,

निकाल हाती आला. माझ्यावरचा आरोप मागे घेतला, सोमवारपासून कामावर. भांडार अधिकाऱ्यांची आता वेगळी चौकशी लागली आहे. अर्ज घरच्या पाकिटातून पाठवल्याबद्दल आणि टपालाने पाठवला असं खोटं लिहिल्याबद्दल मला लेखी समज मिळाली. ती मी मान डोलावून घेतली, कारण ती खरी आहे.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर तू शेजारी येऊन बसलास आणि मी उठून खिडकीशी गेले. मला तुझं तोंड बघवत नव्हतं. आत तू उभा राहून बोलायला लागलास, तेव्हा उठून पाणी द्यावंसं वाटलं, तेही दिलं नाही. मला महिनाभर लोकांनी खोटारडी म्हटलं, धाकट्या. शेजारणीने वाटीभर साखर मागायलाही यायचं सोडलं. आणि तू मला कलमं शिकवत होतास! राग गेलेला नाही. जाईल असं म्हणतही नाही.

तुला नोटीस आल्याचं भावजयीने कळवलं. तर आता मी सांगते ते नीट कर. कशावरही सही करू नकोस. कागदांच्या प्रती माग. आणि मदतनीस म्हणून माझं नाव दे. मी मुख्य कचेरीत विचारून घेतलंय, चालतं. ज्याने खरं सांगितलं त्यालाच आधी लटकवतील, ते मी होऊ देणार नाही.

पण तुझ्या शेजारी बसायच्या आधी मला एका प्रश्नाचं उत्तर हवं. विसरलास ते माफ. विसरणं माझ्याही हातून होतं. नऊ फेब्रुवारीपासून आठ मार्चपर्यंत तू गप्प का होतास? मला गोड लागेल असं लिहू नकोस.

ताई

•

२६ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

चार उत्तरं लिहिली आणि फाडली. तुझी काळजी होती, मार्ग शोधत होतो, योग्य वेळेची वाट बघत होतो. तिन्ही वाचायला बरी होती. चौथ्यात मुलांची शिक्षणं आणि माझी नोकरीची उरलेली सहा वर्षं होती. तेही फाडलं.

खरं असं आहे. मला वाटत होतं की तू माझ्याशिवाय सुटशील. प्रत्येक पत्रात तुला नवा मुद्दा शोधून देत होतो, तो तू जिंकावंस म्हणून, आणि तू जिंकलीस की मला डबा उघडावा लागणार नाही म्हणून. तुझी नोकरी जाईल याची भीती वाटत होती, ताई. माझी जाईल याची जास्त वाटत होती.

मदतनीस म्हणून तुझं नाव लिहिलेला अर्ज तयार आहे. हे वाचूनही शेजारी बसणार असशील तर कळव, मगच पाठवेन.

तुझा,
धाकटा