डाव्या डोळ्यातला कण

सोमवार, ९ सप्टेंबर २०२४. सकाळचे ६ वाजून १० मिनिटं.

नळाला पाणी आलं म्हणून हंडा लावत होतो. शेजारच्या खोलीतला किशोर नेहमीसारखा चहाचं पातेलं घेऊन आला. माझ्या कपात ओतला तो सरळ फरशीवर. कप दोन बोटं पलीकडे होता!

"तुझा कप सरकतो का रे दादा?" म्हणून हसला. मी हसलो नाही. एकेक डोळा झाकून बघायला लावलं. उजवा झाकल्यावर म्हणाला, "तू दिसतो, पन धुरात बसल्यावानी."

कधीपासून?

"पावसाळा लागला तवापासून. दुखत नाय, मंग कशाला सांगू?"

दारातून त्याची बायको संध्या ओरडली, "मला म्हने बल्ब मळला. दोन बल्ब बदलले मी!"

मंगळवार, १० सप्टेंबर

उन्हात उभं करून नीट पाहिलं. डावी बाहुली उजवीपेक्षा मोठी. टॉर्च मारला तरी लहान होत नाही. भोवतीचा रंगही जास्त तपकिरी. काहीतरी आठवलं. आज लिहीत नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर

आम्हा दोघांच्या कारखान्याची सुट्टी. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोळ्याला कधी मार लागला होता? काही उडालं होतं?" किशोर म्हणाला, "नाय बाई." त्याला खरंच आठवत नव्हतं. मी बाजूलाच उभा होतो. गप्प.

बाई म्हणाल्या, डोळ्यामागच्या शिरेचा आजार असू शकेल. एमआरआय करून या, मग पुढचं बघू.

बाहेर आल्यावर किशोरने विचारलं, "ती शीर मेंदूत जाते का दादा?"

घरी येऊन ही वही मागे चाळली. १६ एप्रिल, मंगळवार. माझंच अक्षर — 'किशोर डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेली पिन छन्नी-हातोड्याने काढत होता. डोळ्यात कचरा गेला. मी काढला. लगेच निघाला.'

वर्कशॉपमध्ये डोळ्यात काही गेलं की सगळे माझ्याकडे येतात. कागदाची घडी घालायची, टोक ओलं करायचं, पापणी उलटायची. माझा हात थरथरत नाही म्हणतात. अपघाताची वहीसुद्धा माझ्याकडे — शाळा आठवीत सुटली, पण माझं शुद्धलेखन चुकत नाही म्हणून. त्या वहीत १६ एप्रिलला काही नाही. डोळ्यातला कचरा आम्ही कधी लिहीतच नाही. त्याला कोण अपघात म्हणतं?

आणि रोजनिशीत जे लिहिलं नाही ते आज लिहितो. किशोर म्हणाला होता, "अजून टोचतंय." मी म्हणालो होतो, "कण निघाला की दोन दिवस तसंच वाटतं. त्यासाठी दवाखान्यात जाऊन खाडा कशाला करतोस?"

सोमवार, १६ सप्टेंबर

एमआरआयच्या आधी फॉर्म भरायचा असतो. किशोर म्हणाला, "तूच भर." तिसरा प्रश्न — डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे का?

मी 'नाही'वर खूण केली. नीट, चौकटीच्या आत. कारण निघाला होता ना! कागदावर काळा ठिपका मी स्वतः पाहिला होता.

तिथला माणूस किशोरच्या अंगावरचं लोखंड काढून घेत होता. बेल्ट, करदोड्याला बांधलेली किल्ली. "आत मोठा चुंबक आहे, किल्ली हातातून सुटून उडेल." किशोर म्हणाला, "मंग मलापन उडवंल का?" तो माणूसही हसला. दार उघडलं. किशोर आत निघाला.

मी ओरडलो — थांबा! इतक्या मोठ्याने की बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली. "त्याच्या डोळ्यात कण गेला होता. कदाचित अजून असेल."

तो माणूस माझ्यावर चिडला. बरोबर आहे त्याचं. फॉर्म परत घेऊन मी खूण खोडली. खाडाखोड झाली. बाईंना फोन लावला, त्यांनी एमआरआय रद्द करून सीटी स्कॅन करायला सांगितलं. स्कॅनच्या पडद्यावर डाव्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पांढरा ठिपका. बाजरीच्या दाण्याएवढासुद्धा नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दोन कण होते. मी एक काढला.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बाईंनी औषध घालून डोळा पुन्हा तपासला. भिंगावर गंजाचे ठिपके आहेत म्हणाल्या. लोखंड आत राहिलं की गंजतं, आणि तो गंज हळूहळू सगळ्या डोळ्यात उतरतो. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. "असा पेशंट वर्षा-दोन वर्षांतून एखादा बघते मी."

मग डोळ्यांना बारीक तारा लावून उजेड चमकवला. डोळ्यातला पडदा किती जिवंत आहे ते यंत्र कागदावर काढतं. उजव्या डोळ्याची रेघ डोंगरासारखी चढली, उतरली. डाव्याची जवळजवळ सपाट.

मी विचारलं, एप्रिलमध्येच आला असता तर?

"तेव्हा बहुतेक वाचला असता."

बहुतेक? "बहुतेक," त्या पुन्हा म्हणाल्या. मग किशोरला म्हणाल्या, "त्या चुंबकात गेला असतास तर कण हलला असता आणि होतं तेही गेलं असतं. कोणीतरी वेळेवर बोललं म्हणून."

किशोरने माझ्याकडे बोट केलं. "हा बोलला बाई. लय बारीक ध्यान राहतं ह्याचं."

मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. खराब झालेलं भिंग काढलं, मग आतला कण. डबीत घालून दिला. संध्या डबी उजेडाकडे धरून किती वेळ बघत होती. "एवढासा? एवढाशानं?"

शनिवार, २६ ऑक्टोबर

महिना झाला. डाव्याने हात हललेला कळतो. बोटं मोजता येत नाहीत. बाई म्हणाल्या, आता एवढंच राहील. उजवा जपायचा, चष्म्याशिवाय कामावर पाऊल टाकायचं नाही.

आज किशोरला सांगून टाकलं. तू टोचतंय म्हणाला होतास, मीच दवाखान्यात जाऊ दिलं नाही.

तो म्हणाला, "तू काढला म्हनून तर मी निवांत झालो."

चिडून म्हणाला नाही. चिडला असता तर —

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कामाचा पहिला दिवस. कामावर डोळा गेला असेल तर ईएसआयकडून, म्हणजे कामगार विम्यातून, दरमहा पैसे मिळू शकतात, बाईंनी सांगितलं होतं. पण अपघाताची नोंद लागते.

फोरमन सोमनाथभाऊंना भेटलो. म्हटलं, नोंद न केल्याची चूक माझी, मी तसं लेखी देतो, माझी रोजनिशी दाखवतो. ते हसले. "रोजनिशी? तू काय कलेक्टर लागून गेला?" मग मशीन बंद करून हळू म्हणाले, "शेठ दोघांनाही घरी बसवतील. तुला दुसरीकडे काम मिळेल. त्याला कोण घेईल?"

तरी ईएसआयच्या ऑफिसला जायचं. १२ तारखेला अर्ज द्यायचा. किशोरला सांगितलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळचे ७.

ऑफिसला जाणं रद्द. किशोर कोरा कागद घेऊन आला. कामावर लागलं नाही असं लेखी दिलं तर शेठ त्याला पॅकिंगला कायम करणार आहेत. "लिही दादा, गावाला लाकडं फोडताना लागलं. तारीख १३ एप्रिल टाक, सुट्टी होती." मी म्हटलं, किशोर, हे खोटं आहे. तो म्हणाला, "माझा डोळा हाय ना? मंग लिही."

लिहून दिलं. त्याने पेन आधी हवेत टेकवलं, मग ओळ सापडली. सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी.