रिकाम्या पोत्याचं वजन

अण्णा, इतक्या वर्षांनी तुम्हाला कामाचंच विचारायचंय. कारखान्याच्या ऊसकाट्यावर तुम्ही आणि पलीकडच्या काट्यावरचे काका रोज सकाळी जागा का बदलायचात? देवळालीहून डबा घेऊन मी यायचे, तेव्हा एकच रिकामी बैलगाडी दोन्ही काट्यांवर चढवून तुम्ही त्यांचा काटा तपासताय, ते तुमचा. एकदा मी भोचकपणे विचारलं, "काकांचा भरवसा न्हाई का तुमच्यावर?" केवढे खेकसलात! "लई शानी झालीस! माझी चूक मला दिसत न्हाई, त्याला दिसती. डबा ठेव आन् जा." रडतच घरी गेले होते मी.

आता मी अमली पदार्थविरोधी पथकात आहे. यंदापासून एका पथकाच्या फायली दुसऱ्यानं तपासायच्या, असा हुकूम निघालाय. माझ्याकडे आल्या त्या माझ्याच मित्राच्या पथकाच्या. आम्ही ट्रेनिंगला सोबत होतो. माझ्या बाळंतपणात माझ्या ड्युट्या त्यानंच केल्या. त्याच्या एका पंचनाम्यात जामखेड रस्त्यावर टेम्पोत सापडलेलं गांजाचं पोतं आहे, वजन वीस किलो सहाशे ग्रॅम. वीसच्या वर गेलं की कायदा फार कडक होतो, जामीन जवळजवळ मिळतच नाही. तो टेम्पोवाला अजून आत आहे. आणि रिकामं पोतं कुणी तोललंच नाही! गोणपाटाचं पोतं किलोभर सहज भरतं, हे तुमच्या लेकीला कुणी सांगायला हवं?

मित्राला फोन केला. तो आधी हसला, "अगं, पोत्याचं काय घेऊन बसलीस!" मग आवाज उतरला. "लिहू नको गं. चौकशी लागेल माझ्यामागं."

मी लिहिलं. मग माझंच एक जुनं प्रकरण काढून बघितलं. त्यातही पोत्यासकट वजन, वीसच्या जरासं वर, आणि माणूस आतच. जुन्या फायली कुणी तपासणार नाही. उद्या ती फाईल घेऊन मित्राकडेच जाणार आहे, तपास म्हणून. तो दारात उभं करील की नाही, देव जाणे.

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठं पाठवणार, म्हणून त्याच फायलीत ठेवतेय. आणि अण्णा, एक सांगायचं राहिलं. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणायचात ना? त्या दिवशी, माझ्या त्या जुन्या पंचनाम्यावर सही करताना, मला दिसली होती. तुम्हालाही कधी दिसायची का हो?