बंदुकीआधी आलेले कावळे

५ फेब्रुवारी, गुरुवार
पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर बारा कावळे. प्लास्टिकचे. रांगेने निजवलेले. मी इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले आणि घडी हातातून पडली.
"अहो, हे काय?"
"डिकॉय," हे म्हणाले. मी जणू डाळ कुठली आणलीत असं विचारलं होतं. "शेतात मांडायचे. खरे कावळे ते बघून खाली उतरतात."
"आणि बंदूक?"
"परवाना आल्यावर."
म्हणजे नवरदेवाचा पत्ता नाही आणि वऱ्हाडाची पंगत बसली. इथे इंग्लंडात, मेडनहेडमधले बाकीचे रिटायर्ड नवरे गुलाब लावतात, ब्रिज खेळतात. आमच्या इंजिनिअरसाहेबांना एकोणसत्तराव्या वर्षी कावळे मारायचे आहेत.
सगळी फूस ब्रायनची. चार घरं पलीकडे राहतो. त्याच्या बहिणीच्या मेंढ्या आहेत आणि कावळे नुकत्या जन्मलेल्या कोकरांचे डोळे फोडतात. म्हणून मारायला कायद्याची मुभा, आधी बुजगावणी वगैरे करून झाली असतील तरच. हे मला दोनदा वाचून दाखवण्यात आलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज शिट्ट्या. कावळ्यांना बोलवायच्या. तीन आल्या: एक प्लास्टिकची, एक लाकडाची, एक कडं फिरवून आवाज बदलणारी. फोनवर कावळ्याचं रेकॉर्डिंग लावून मारणं इथे बेकायदा आहे, म्हणून तोंडाने वाजवायची. सकाळी सातपासून बाथरूममध्ये सराव. का, तर तिथे आवाज घुमतो.
प्लास्टिकची म्हणजे सर्दी झालेलं बदक. कड्याची म्हणजे तेल न घातलेलं दार. ब्रायनला मत द्यायला बोलावलं, तो प्रत्येकीला लव्हली म्हणाला. त्याला पावसालाही लव्हली म्हणताना मी ऐकलंय.
शेवटी राहवेना. म्हटलं, तुम्ही केकवरची मेणबत्ती विझवताय. कावळा गळ्यातून ओरडतो, ओठांतून नाही. आणि नुसत्या तोंडाने करून दाखवलं. नागपूरच्या गच्चीवर पापड राखण्यात माझं लहानपण गेलंय, कावळा मला कोण शिकवणार.
ब्रायनने कप खाली ठेवला. "गुड लॉर्ड, मिसेस डी."
लाकडाची ठेवली. दोन परत.

१० फेब्रुवारी, मंगळवार
पोलिसांच्या परवाना विभागाचं पत्र. आमच्या जी.पी.ने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, लिहून दिलंय: काही हरकत नाही, मानसिक आजाराची नोंद नाही. १२ मार्चला त्यांचा माणूस घरी येईल, बंदुकीचं कपाट बघेल, घरच्या माणसांशी बोलेल.
घरची माणसं म्हणजे मी.
नोंद नाही, कारण मी होऊ दिली नाही. लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. हे गाडी न चालवता गॅरेजमध्ये गाडीत बसून असायचे. तीन-तीन तास. आंघोळ नाही, दाढी नाही. एकदा म्हणाले, "मी नसलो तर तुझं काही अडणार नाही, कागद सगळे लावून ठेवलेत." खरंच फाइल लावून ठेवली होती, रंगीत खुणांसकट.
जी.पी.कडे न्यायला हवं होतं. पण त्यांच्याच सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, मी एकवीस वर्षं रिसेप्शनला होते. स्क्रीनवर काय दिसतं आणि चहाच्या वेळी कोण काय बोलतं, मला माहीत. एकदा कॉम्प्युटरवर चढलं की जन्मभर. म्हणून नागपूरला माझ्या मावसभावाला फोन, तो डॉक्टर. त्याने फोनवर तपासलं आणि गोळ्या धाडल्या. कधी याच्या बॅगेतून, कधी त्याच्या, चिवड्याच्या डब्यात. वर्षभर. इथे कोणालाच कळलं नाही, आमच्या लेकीला, केतकीलाही नाही. ती तेव्हा बाळंतीण.
बरे झाले. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
पहिली स्वारी. ब्रायन बंदूक चालवणार, हे नुसतं मांडायचं आणि बोलवायचं. पहाटे निघाले, अकराला परत. चेहरा पडलेला.
एकही कावळा उतरला नाही. वरून आले, बघितलं, निघून गेले.
"चमकत होते," म्हणाले. "आपले कावळे. उन्हात लांबून काचेसारखे."
त्यांच्यावर मखमलीसारखा काळा थर असतो, प्लास्टिक चकाकू नये म्हणून. तो थर धूळ धरतो. धूळ मला दिसली. गुरुवारी मी बाराच्या बारा फर्निचरच्या पॉलिशने पुसून ठेवले होते.
सांगितलं. वाटलं ओरडतील. इतके हसले की खुर्चीत बसावं लागलं. असं हसताना शेवटचं कधी बघितलं, आठवावं लागलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
मंडळातल्या कुमुदताईंचा फोन. "काय गं, तुझे मिस्टर कावळे मारतात म्हणे? अगं, पितर असतात ते."
म्हटलं, माझे सासरे बर्कशायरला कसे पोचतील? त्यांना कधी व्हिसा मिळाला नाही.
त्या दुखावल्या. दुखावू देत. हसण्यावारी नेता येतं तेवढंच लोक विचारतात. खरं विचारायचं ते कोणी विचारत नाही, आणि जो विचारणार तो १२ तारखेला येणार आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
नवे सहा आले, मखमली. त्यांना हात लावायची मला बंदी आहे. जुन्यांना ह्यांनी काळा मॅट रंग दिला. कपड्यांच्या दोरीवर कावळे वाळताहेत. समोरच्या बाईने पडदा सरकवून बघितलं आणि पुन्हा लावला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
मी गेले. ब्रायनच आग्रहाने म्हणाला, तुमच्या गळ्याची गरज आहे. खरं तर मला बघायचं होतं की माणूस बंदुकीजवळ कसा बसतो.
कुंपणाला लागून चार काठ्यांवर जाळी, आत तीन स्टुलं, तोंडावर बुरखे. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बऱ्या दिसायच्या. मांडायची पण पद्धत आहे. सगळ्यांची चोच वाऱ्याकडे. एकमेकांना खेटून नाही, कावळे घाबरले की गोळा होतात. मध्ये मोकळी जागा, उतरायला. एक उंच खुंटावर, राखण करणारा. तो नसला तर खऱ्यांना संशय येतो. हे ह्यांनी मला शिकवलं, कुजबुजत, मास्तरासारखं. मी दोन चुका काढल्या, एक मान्य झाली.
शिट्टी आता बरी वाजते. तीन छोट्या हाका, थांबायचं. थांबणं हे ह्यांना छान जमतं. मी दोनदा बोलले, दोनदा गप्प केलं गेलं.
कावळे आले. ब्रायनने दोन पाडले. आवाजाने माझे कान बधिर. ह्यांनी बंदुकीकडे एकदा बघितलं, नीट, जसं दुकानात वस्तूकडे बघतात. त्या बघण्यात काही होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी सगळी सकाळ तेच शोधत होते, म्हणून दिसलं असेल.
परत येताना ब्रायनच्या बहिणीने एक कोकरू दाखवलं. एका बाजूचा डोळा नाही. आईला ढुशा देत होतं, दुधासाठी. कुमुदताईंना आणून दाखवावंसं वाटलं.

४ मार्च, बुधवार
केतकी रीडिंगहून आली, नातवाला घेऊन. त्याने दोन कावळे बगलेत मारले आणि घरभर फिरला.
ती म्हणते, "आई, बाबा किती खूष दिसतो. तू उगाच नॅग करते. लेट हिम हॅव हिज क्रोज."
मी म्हटलं, मी कुठे अडवलंय.
"तुझा चेहरा अडवते."
तिच्या मराठीत चेहरा बाई असतो. पण बोलली ते बरोबर. तिला सांगावं असं तोंडापर्यंत आलं. सांगितलं तर ती विचारणार, तेव्हा मला का नाही सांगितलं.

९ मार्च, सोमवार
भिंतीत पोलादी कपाट बसवलं. ब्रायन आणि हे, दिवसभर ड्रिलिंग. किल्ली कुठे ठेवलीय ते कोणाला माहीत नसावं असा नियम, म्हणजे मलासुद्धा. बेचाळीस वर्षांत ह्यांना स्वतःचे मोजे सापडलेले नाहीत. आणि ही किल्ली ते माझ्यापासून लपवणार.
सरळ विचारलं, "अहो, नक्की हवीये का? शिट्टी वाजवता, मांडता, पुरे नाही?"
"सगळं करून शेवटी दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसायचं?"


१२ मार्च, गुरुवार
आला. तरुण, नम्र, बूट दारात काढले. तिथेच निम्मी हरले. कपाट हलवून बघितलं, ह्यांना वीस मिनिटं प्रश्न. मी स्वयंपाकघरात, दार उघडं. कधी उदास वाटणं, उपचार, असं काही? "नो," हे म्हणाले. एवढंच. आवाज नेहमीचा.
मग तो माझ्याकडे आला. हे बाहेर ब्रायनशी बोलत होते.
"तुम्हाला काही काळजी, मिसेस देशपांडे? काहीही. इथे बोललेलं मी त्यांना सांगणार नाही."
मी आयुष्यात बँक मॅनेजरला, हेडमास्तरांना, एका बिशपला तोंडावर सुनावलंय. सिस्टर म्हणायच्या, विचारलेलं लपवणं हे खोटं बोलण्याचंच सभ्य नाव. आणि हा तर अगदी नीट, माणसासारखं विचारत होता.
मी म्हटलं, फार आवाज करतात, शिट्टीचा.
तो हसला. लिहून घेतलं. कार्ड ठेवून गेला. काही आठवलं तर फोन करा, दोन आठवड्यांत निर्णय.

१५ मार्च, रविवार
कार्ड फ्रिजवर मॅग्नेटखाली. दूध काढताना रोज दिसतं.
आज बरे आहेत हे नक्की. मेमध्ये असतील? पुढच्या जानेवारीत? मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, हे मी इथून कसं सांगू." तेव्हा बरं सगळं तिथून सांगता येत होतं.
फोन करणं म्हणजे ह्यांच्या पाठीमागे. न करणं म्हणजे... वाक्य पुरं करत नाही.

१८ मार्च, बुधवार
भाजीत मीठ दोनदा. ह्यांनी ती तशीच खाल्ली. त्याचाही राग आला.

२१ मार्च, शनिवार
ब्रायनला ताप. हे म्हणाले, चल, नुसतं मांडून बघू, बंदुकीशिवाय. वारा कुठून आला तर काय, ते लिहून ठेवायचंय.
शेतात दोघंच. मी कावळे पिशवीतून देत होते, हे मांडत होते. सातवा दिला तेव्हा वर न बघता म्हणाले,
"त्या माणसाला सांगितलंस ना?"
"काय?"
"तेच."
"नाही."
उभे राहिले. हातात कावळा तसाच. "नाही?"
"नाही सांगितलं."
"मला वाटलं तू सांगितलं असशील. तू कोणाचं काही ठेवत नाहीस. म्हणून मी आपलं नो म्हणून मोकळा झालो. म्हटलं, ही आहे."
ही आहे.
मला काय झालं माहीत नाही. दोन शेतांपलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या, इतकी ओरडले. बेचाळीस वर्षं गॅस बंद केला का, पासपोर्ट घेतला का, व्याह्यांना काय बोलायचं, सगळं माझ्यावर. आणि हेही? तुमच्या जिवाचं सुद्धा मीच बघायचं? नऊ दिवस मी तो फ्रिज उघडतेय!
ह्यांनी हातातला कावळा मातीत रोवला. मग म्हणाले, "तेव्हा तूच बघितलंस. म्हणून मी आहे."
मी पिशवीवर बसले. खाली कावळे होते, टोचले.
"तुम्हाला ती बंदूक घरात नको आहे का? सरळ सांगा."
"हवी आहे," म्हणाले. "मनापासून. आणि कधी कधी वाटतं, नको. दोन्ही खरं आहे. एकट्याने ठरवायची भीती वाटते." मग रोवलेल्या कावळ्याची चोच वाऱ्याकडे वळवत, "त्यांना सगळं सांगितलं तर देणार नाहीत बहुतेक."
"कदाचित देतीलही. डॉक्टरचं बघून."
"कुठल्या डॉक्टरचं? चिवड्याच्या डब्याचं?"
दोघंही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.
मांडलेले कावळे पुन्हा पिशवीत घालून घरी.

२२ मार्च, रविवार
कोण फोन करणार यावरून भांडण. मी म्हटलं, प्रश्न तुम्हाला विचारला होता, उत्तरही तुमचंच जाऊ दे. हे म्हणाले, तुलाही विचारला होता. बरोबर आहे. त्याचा आणखी राग.
केतकीला मी सांगायचं ठरलं, फोननंतर. जी.पी.कडेही मी बरोबर जाणार. रिसेप्शनला आता दोन नव्या मुली आहेत आणि एक जुनी लिंडा. लिंडाला काय वाटायचं ते वाटो.

२३ मार्च, सोमवार
नऊला लाइन उघडते. नऊ वाजून एक मिनिटाने ह्यांनी स्वतः नंबर लावला. चष्मा विसरले, आकडे मी वाचून दाखवले.
रांगेत अकरावे. फोन टेबलावर, स्पीकरवर. कसलंसं पियानोचं संगीत. समोर बसून काय करायचं म्हणून वही घेतली.
आठवे. चहा ठेवू का विचारलं. नको.
"काय म्हणू सुरुवातीला?"
"नाव सांगा आधी."
"ते येतं मला."
पाचवे. ह्यांनी दाढी केलीय. फोनवर कोणाला दिसणार आहे.
चौथे. म्हणतात, ब्रायनला काय सांगायचं? म्हटलं, ब्रायन लव्हली म्हणेल. हसले नाहीत.
दुसरे.
संगीत थांबलं. बाईचा आवाज, गुड मॉर्निंग. मला वाटलं माझ्याकडे बघतील. बघितलं नाही. फोन उचलला, स्पीकर बंद करून कानाला लावला. आता मला फक्त ह्यांचीच बाजू ऐकू येतेय. नाव सांगितलं. आडनावाची अक्षरं एकेक करून. जन्मतारीख.
"हो, अर्ज केलाय," म्हणतात. "त्यात एक उत्तर चुकीचं आहे. माझं."
ती काहीतरी विचारतेय. बराच वेळ विचारतेय.