सहांतून तिघे

गुरुजी, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळं अक्षर अजून तसंच वाकडं आहे. परवा नातीच्या पुस्तकात तेच गणित दिसलं, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही.

बहात्तरच्या दुष्काळात, देवणीजवळच्या आपल्या गावात, विहीर खोल करायचं काम तुम्ही अंगावर घेतलं होतं. आम्ही सहा जण. तिघं खाली खणणार, तिघं वरून दोरानं गाळ ओढणार. पारावर तुम्ही सहा चिंचोके मांडले. "सहांतून तिघं किती तऱ्हांनी निवडाल? कोण आधी उतरला, कोण मागून, त्यानं टोळी बदलत नाही." मी नुसता बोटं मोजत राहिलो. वीस, तुम्हीच सांगितलं. पण एका घरचे दोघं भाऊ एका वेळी विहिरीत उतरत नाहीत, ही आपल्याकडची रीत. दादा आणि मी एकत्र येऊ अशा चार टोळ्या तुम्ही बाद केल्या. उरल्या सोळा. त्यातली एक तुम्ही रोज सकाळी निवडायचात.

त्या सकाळी दादा म्हणाला, "गुरुजी, धाकट्याला वरच ठेवा. खाली गेलं की आईच्या नावानं बोंबलतंय, लई भित्रं हाय." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि दादाचं नाव घेतलंत. दुपारी विहिरीची कड ढासळली. बाकीचे दोघं निघाले, दादा निघाला नाही. दोर माझ्या हातात आहे, मी ओढतो आहे, आणि तो हलकाच वर येतो आहे.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला, तुमची बदली तिकडं झाली, आणि तिथंच तुम्ही वारलात. विचारायचं राहून गेलं. त्या सोळांपैकी सहांत दादा खाली आणि मी वर, सहांत मी खाली आणि दादा वर, उरलेल्या चारांत दोघंही वर. म्हणजे दोघांचं सारखंच होतं. हेच मी इतकी वर्षं मोजत राहिलो, गुरुजी. मग त्या दिवशी तुम्ही त्याचं नाव सहज घेतलंत, का त्याचं बोलणं ऐकून मला राखलंत?

सहज घेतलं असेल तर दादा उगाच गेला. मला राखलं असेल तर तो माझ्या जागी गेला. खरं सांगू, मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते. हे पत्र टाकायचं कुठं, तेही कळत नाही. तरी काय ते लवकर कळवा, गुरुजी. आता फार दिवस वाट बघवणार नाही.