गुळाचा डबा सीतारामकडे द्यावा

॥ श्री ॥

मी, रामदास गोविंद धुरी, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा दगडकाम, राहणार काळाचौकी, मुंबई, माझ्या राहत्या खोलीत खिडकीशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक दाखवलेला नाही. बिघाड आहे तो छातीत. दोन ओळी लिहिल्या की थांबावे लागते, म्हणून चार दिवस लागले. अक्षर कुठे बदललेले दिसले तरी ते माझेच समजावे. गावच्या शाळेत सातवीपर्यंतच शिकलो, पण गुरुजींनी अक्षर घोटून घेतले होते. शेजारचे निवृत्त कारकून यशोधन कर्णिक यांनी कायद्याची भाषा तपासली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. खोली पागडीची आहे. तिचा भाडेहक्क, आणि इमारत नवी झाली तर मिळेल ती जागा, माझी पत्नी शेवंती हिच्याकडे जावी. देवघरही तिचेच. माझ्यानंतर ती पूजा करील किंवा न करील, तिला कोणी विचारू नये.

२. बँकेत असेल ते मुलगी आरोही हिच्या शिक्षणासाठी. ती बारावीला आहे आणि तिला नर्सिंगला जायचे आहे. माझे खोकणे ऐकून हे ठरवले असेल तर तिने पुन्हा विचार करावा. स्वतःच्या मनाने जात असेल तर माझा आशीर्वाद आहे.

३. देवगड तालुक्यातील घरातला माझा हिस्सा थोरले बंधू बाबुराव यांना. आई गेल्याचे त्यांनी मला एक दिवस उशिरा कळवले, याचा राग मी अकरा वर्षे धरला. तो इथे सोडतो. परसातल्या फणसाचे गरे मात्र दरवर्षी आरोहीला पाठवावेत, ही अट.

४. ओळंबा, गुण्या आणि पट्ट्या ही मापाची हत्यारे धंद्यातल्या कोणालाही द्यावीत. दगड कापायची दोन्ही मशिने कोणालाही देऊ नयेत. भंगारातही आधी मोटर फोडून मगच, नाहीतर ती पुन्हा कोणाच्या तरी हातात जातात.

याचे कारण लिहिणे भाग आहे. बावीस वर्षे मी नव्या टॉवरांमध्ये स्वयंपाकघराचे ओटे बसवले. शेवटच्या नऊ-दहा वर्षांत कारखान्यात बनवलेला क्वार्ट्झ दगड आला. त्यावर हळदीचा डाग पडत नाही, गिऱ्हाइके खूश. पाणी सोडून कापला तर त्याचा चिखल होतो, कोरडा कापला तर पिठासारखी धूळ उडते. पण फ्लॅट तयार असायचा, लाकडी फरशी बसलेली असायची. पाणी सांडले तर भरपाई आमच्या अंगावर. म्हणून कोरडेच कापायचे. मुकादम मी होतो. मशीनवरची पाण्याची नळी बंद करायला मीच सांगत असे.

ठेकेदार मनमोहनशेठ रोज संध्याकाळी गूळ पाठवायचे. धूळ गुळाने उतरते, असे आम्ही सगळेच मानत आलो. मला माझ्या आधीच्या मुकादमाने तेच सांगितले होते. मी त्यात भर घातली. गुळाचा डबा आधी गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवायचा, हात जोडायचे, मग माझ्या हाताने प्रत्येकाला एक खडा. एकदा मास्कचे खोके आले. माझ्या हाताखालचा सीताराम म्हणाला, "मुकादम, ह्यात घुसमटायला होतं." मी म्हणालो, "काढ रे. प्रसाद आहे ना आपला." सगळ्यांनीच काढले.

परळच्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर देविका मॅडमनी मला कागदावर चित्र काढून दाखवले. धूळ फुप्फुसात जाते आणि गूळ पोटात. मध्ये कुठेही त्यांची गाठ पडत नाही. देवाचे यात काही चुकले नाही. माणसांनी शेठवर विश्वास ठेवला नव्हता, प्रसादावर ठेवला होता, आणि तो माझ्या हातून घेतला होता.

आम्ही नऊ जण होतो. मनू गेल्या दिवाळीत गेला, त्याच्या दाखल्यावर क्षयरोग असे लिहिले आहे. सीताराम चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि वडाळ्याला एक जिना दोनदा बसून चढतो. त्याच्याही कागदावर क्षयरोग, म्हणून भरपाईचा दावा अडला आहे. माझी थुंकी तीनदा तपासली. तिन्ही वेळा जंतू सापडले नाहीत, तरी दीड वर्ष क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या.

मध्यंतरी शेठ घरी आले. "रामदास, तू घरचा माणूस. टीबी काय, कोणालाही होतो. कामाचा याच्याशी संबंध नाही, असा हा एक कागद आहे, सही करून टाक."

शेवंतीने चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "कोणाकय होता मां, मग तुमका कसो नाय झालो?"

चहा तसाच राहिला. सही मी केली नाही.

५. मी गेल्यावर माझा देह आधी रुग्णालयात न्यावा. फुप्फुसे काढून तपासावीत आणि जे आढळेल ते शिक्क्यानिशी लिहून घ्यावे. जिवंतपणी तुकडा काढणे माझ्या छातीला झेपणार नाही, असे मॅडम म्हणतात. आम्हा नऊ जणांचा दगड एक, खोल्या त्याच, वर्षेही तीच. माझ्या कागदावर क्षयाऐवजी दगडाची धूळ हे खरे कारण आले तर सीतारामच्या आणि बाकीच्यांच्या दाव्याला आधार होईल. मी बंद केलेली नळी आता उघडता येत नाही. एवढे करता येते.

कर्णिक सांगतात की देह ही मालमत्ता नव्हे, त्यामुळे हे कलम कोणालाही बांधत नाही. संमती शेवंतीने द्यायची. मी तिला वाचून दाखवले.

"माणूस अख्खो जावक होयो वर," ती म्हणाली. "देवाक काय सांगतलंस?"

"अख्खो खय रवलंय मी? आणि देवाक म्होरे ठेवूनच गूळ वाटलंय."

ती उठून भांडी घासायला बसली. भांडी धुतलेलीच होती. त्यानंतर तीन दिवस आमच्यात हा विषय निघालेला नाही. म्हणून सह्यांच्या खाली तिच्यासाठी जागा कोरी सोडली आहे. ती कोरी राहिली तर देह सरळ स्मशानात न्यावा, आणि तिला कोणी बोल लावू नये.

६. गुळाचा डबा सीतारामला. रिकामा आहे, मी घासून ठेवला आहे. रुग्णालयाचा शिक्क्याचा कागद मिळालाच तर तो त्यात ठेवावा. गूळ ठेवू नये.

७. मनमोहनशेठना माझ्याकडून द्यायचे काही नाही. अंत्ययात्रेला आले तर येऊ द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी यशोधन कर्णिक यांनी करावी. वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) रामदास गोविंद धुरी

साक्षीदार:
१. (सही) डॉ. देविका प्रधान. सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर आहे, हे मी तपासले आहे.
२. (सही) यशोधन कर्णिक

ठिकाण: काळाचौकी, मुंबई
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

कलम पाचबाबत पत्नीचे म्हणणे:

मी शेवंती रामदास धुरी. कलम वाचले. मला पटलेले नाही. काल मनूच्या बायकोकडे जाऊन आले, ती अजून कागदासाठी फिरते आहे. मी अडवणार नाही. पण तिथून आधी घरी आणायचे. अंघोळ मी घालणार.

(सही) शेवंती धुरी