घटाचे कोंब

इंझोरी,
ता. २४ ऑक्टोबर १९३७

प्रिय जगदेव यास,

इंद्रभानचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व ठीक. कपाशीची पहिली वेचणी सुरू झाली. शाळेला सुट्टी लागली. तूही शेतकी कॉलेजातून किन्हीराजाला घरी आलास, असं कळलं. तुझ्या बहिणीची, प्रयागची, प्रकृती कशी आहे? सहावा महिना सरला ना? पाय सुजतात का? तिला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. जीव थाऱ्यावर नाही.

उन्हाळ्यात तू सांगितलं होतंस, की उजेड कोंबाच्या टोकाला कळतो. टोकातला वाढीचा रस अंधाऱ्या बाजूनं जास्त उतरतो, ती बाजू जास्त वाढते आणि कोंब उजेडाकडे वाकतो. मी करून पाहिलं. बंद खोक्याला एकच भोक ठेवून आत दोन वाट्यांत गहू पेरले. एका वाटीतल्या कोंबांना चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाच्या टोप्या घातल्या. दुसऱ्या दिवशी टोपीवाले सरळ उभे, बाकीचे सगळे भोकाकडे झुकलेले.

पण हे मला नवरात्रातही ठाऊक होतं. तेच लिहायला हात धजत नाही.

घटाचे कोंब देवीकडे पाठ करून खिडकीकडे वळले, तेव्हा आई प्रयागला म्हणाली, "तुह्या हातचं पानी देवीले चाललं नाई. मागचं लेकरू बी असंच गेलं." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तुमच्याकडे पाठवलं. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बैलाची वेसण चाचपत राहिलो.

ती खिडकी मी उघडली होती. धुपानं डोळे चुरचुरत होते म्हणून. प्रयागनं पाहिलं होतं. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही.

काल आईला खोकं दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत होती.

"म्हंजे पोरीचा काई दोष नव्हता?"

"नाही."

"अन् खिडकी कोनं उघडली?"

"मी."

"मंग त्या दिसी काहून नाई बोलला? मी अडानी. तुले तर समजत होतं!"

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

बुधवारी गाडी घेऊन येतो. आईही येते म्हणते, प्रयागशी तिला स्वतः बोलायचं आहे. प्रयाग आमच्यासमोर आली नाही, तर ओट्यावर बसून राहू. तिला ओढून नेणार नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, एकही ओळ गाळू नकोस.

तुझा, आणि ती म्हणेल तर तिचा,
इंद्रभान