साच्यातला कार्डाचा तुकडा

बाबा, तुमच्या फोटोची चौकट आज मी स्वतः केली. सीताबर्डीतून आणलेल्या तयार चौकटीचे कोपरे दोन उन्हाळ्यांत उघडले आणि फटींतून भिंतीचा चुना दिसायला लागला. तुमच्याच फोटोला असे कोपरे मला पाहवेनात, म्हणून तुमचं चौकटींचं दुकान आवरल्यापासून माळ्यावर पडलेली हत्यारांची ट्रंक शेवटी खाली काढली. इतकी वर्षं का काढली नव्हती, ते आधी सांगायला हवं.

तुमचा पट्ट्या तिरक्या कापायचा साचा मी बिघडवला होता. तळाला एक फळी, दोन बाजूंना उभ्या भिंती आणि त्यांत करवतीसाठी तिरक्या खाचा, एवढाच तो. कॉलेज संपलं त्या वर्षी, दसऱ्याला हत्यारं पुजायची म्हणून, मी दुकानातलं सगळं घासायला बसले. साच्याच्या आतल्या भिंतीला एका टोकाशी सरसाने काळा पडलेला कार्डाचा तुकडा चिकटला होता. मळ समजून मी तो सुरीने खरवडला, तेलाचा हात फिरवला, कुंकू लावलं. तुम्ही झेंडूचा हार घेऊन आलात आणि म्हणालात, "वा वं, साचा तर नवरीसारखा नटवला!" त्या कौतुकाने मी दिवसभर फुगून होते.

दिवाळीआधीच कोपरे उघडायला लागले. तुम्ही चौथा कोपरा जुळवून उजेडाकडे धरायचात; आरपार दिसलं की चौकट मोडायचात. लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरून फट बुजवणाऱ्याला तुम्ही कारागीर म्हणतच नव्हता. एका कापात केसाएवढी चूक, पण चौकटीला काप आठ, आणि आठही केस शेवटच्या कोपऱ्यात येऊन जमतात. धरमपेठेतलं एक गिऱ्हाईक सगळ्यांदेखत बोललं, "मिस्त्री, चौकट बनवली का खिडकी गा? हवा येऊन राहिली याच्यातून." तुम्ही हसलात. करवतीचे दाते पुन्हा घासलेत, आणि शेवटी हात गुडघ्यांवर ठेवून म्हणालात, "डोयेच गेले वाटते माहे." तेव्हा मला तो तुकडा आठवला. खाच मुळातच जराशी कललेली असणार, आणि पट्टी तेवढीच सरकवून कोन बरोबर आणणारा तुमचा इलाज मी खरवडून टाकला होता. मी सांगायला तोंड उघडलं. "काहून वं, काय म्हणून राहिली?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "चहा आणू का?"

दिवाळीनंतर मला उमरेडच्या शाळेत नोकरी लागली. सुट्टीत यायचे तेव्हा तुमच्या नाकावर चष्मा दिसायचा आणि मी दुसरीकडे बघायचे. दुकानात पाऊल टाकणं मी टाळलं. पुढच्या दसऱ्याला तर पेपर तपासायचे आहेत म्हणून आलेच नाही. तुम्ही शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांना दोष देत गेलात, असं मी धरून चालले. रोज वही लिहिणारी मी, पण हे त्यात कधी लिहिलं नाही.

आज ट्रंक उघडून साचा पाहते तर आतल्या भिंतीला, त्याच जागी, नवा तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर माझं अक्षर: "सुखरूप पोचले, काळजी". उमरेडहून पाठवलेलं माझं पहिलंच पोस्टकार्ड. आणि शेजारी फळीवर तुमच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं: "दसऱ्याले खरवडू नको." मी खाली बसले आणि मोठ्याने हसले. दुकानात दसऱ्याला घासपूस करणारी मी एकटीच होते. म्हणजे महिना-दीड महिन्यात तुम्हाला सगळं कळलं होतं, कोपरेही पुन्हा मिटले होते, आणि चष्मा वयाचा होता. तुम्ही बोलला का नाहीत, याचा विचार करते आहे. बहुधा मी पुढच्या दसऱ्याला साचा हातात घेईन आणि वाचेन, म्हणून थांबला असाल. ते थांबणं माझ्यामुळे लांबलं, याचं वाईट वाटतं. पण छातीवरचा दगड उतरला, हेही खरं.

मग काटकोन तपासायला गुण्या लावून, तुमच्यासारखीच करवत सैल धरून, आठ काप घेतले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, वहीतच राहील, म्हणून या वेळी लगेच सांगून टाकते. चौथ्या कोपऱ्यातून उजेड दिसला. साचा बरोबर होता, हात माझा हलला. मी तिथे लांबी भरली आहे, आणि फोटो टांगताना तो कोपरा खालच्या बाजूला घेतला आहे.